भाऊसाहेबांच्या टेबलावरचा संगणक

यंत्र बिघडले की आधी वही उघडावी, मग यंत्र. विज्ञान शिकवण्याच्या माझ्या साऱ्या काळात मी मुलांना हे सांगत आले. काय झाले, किती वाजता झाले आणि त्याआधी आपण काय केले, या तीन गोष्टी लिहिल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हरला हात लावू नये. निवृत्तीच्या आदल्या वर्षी, मे महिन्याच्या सुट्टीत मी जी वही घातली, ती अजून माझ्याजवळ आहे. तिच्यातल्या बहुतेक नोंदींचा अर्थ मला लावता आला. एका नोंदीचा आला नाही, म्हणून हे लिहीत आहे.

आमची शाळा गडमुडशिंगीत. मी कोल्हापुरातून बसने जात-येत असे. त्या सुट्टीत मुख्याध्यापक आजारपणाच्या रजेवर होते आणि प्रभारी कारभार माझ्याकडे आला होता. शाळेत दोनच माणसे असत : मी आणि शिपाई, ज्यांना सगळी शाळा मामा म्हणते. मुले नसलेल्या शाळेत आवाज वेगळे ऐकू येतात. एरवी जो व्हरांडा हजार पायांखाली दबून जातो, तो रिकामा असला की चपलेचा एक आवाज दोनदा ऐकवतो. हा प्रतिध्वनी आहे, हे मी आठवीला शिकवत असे. तरीही मागे वळून पाहावेसे वाटतेच.

कार्यालयातला संगणक आमच्या कारकुनांचा. शाळेच्या कारकुनाला आपल्याकडे भाऊसाहेब म्हणतात. आमचे भाऊसाहेब त्या वर्षी संक्रांतीनंतर आठवडाभरात, घरी झोपेतच गेले. ते याच शाळेत शिकले आणि याच शाळेत कारकून झाले. सकाळी आले की चप्पल दाराबाहेर काढत, संगणकाच्या डब्याला हात लावून तो हात डोळ्यांना लावत आणि मगच बटण दाबत. दाखला देताना त्यांचा शिक्का दोनदा वाजे : एकदा शाईच्या पॅडवर, हलका, एकदा कागदावर, जोराचा. टक-टाक. माझ्या वर्गापर्यंत तो आवाज येई.

शेवटची दोन वर्षे त्यांनी एक काम अंगावर घेतले होते. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे ज्या जाड वहीत प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव, जात, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचे कारण लिहिलेले असते तिच्यात, जुनी पाने बोट लावताच तुटू लागली होती. मधल्या सुट्टीत भाऊसाहेब एकेक पान उघडत, डाव्या हाताने दाबून धरत आणि उजव्या हाताने शाळेच्या कॅमेऱ्यात त्याचा फोटो घेत. संस्थानच्या काळापासूनची सगळी रजिस्टरे त्यांनी अशी संगणकात घातली. "दुसरी प्रत करून ठेवा," असे मी एकदा म्हणाले होते.

"पेनड्राइव्ह हरवतो बाई," ते म्हणाले. "कॉम्प्युटर काय पाय फुटून जातोय व्हय?"

ते गेल्यावर कार्यालयाला कुलूप लागले. पगारबिलांचे काम संस्थेच्या कार्यालयातून होऊ लागले. मे महिन्यातल्या एका सोमवारी मी एका परिपत्रकासाठी तो संगणक लावला. चार महिने तुंबलेले अपडेट त्याने एकदम घ्यायला सुरुवात केली. निळ्या पडद्यावर टक्के चढत राहिले, तो स्वतःच बंद झाला, स्वतःच सुरू झाला, पुन्हा टक्के. संध्याकाळची बस येईपर्यंत हे चालले. परिपत्रक राहिलेच. मंगळवारी मी बटण दाबले तेव्हा काळ्या पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांचे एक वर्तुळ फिरू लागले, आणि फिरतच राहिले.

त्याच मंगळवारी दुपारी चार वाजता माझी एक जुनी विद्यार्थिनी आली. आता चाळिशीची. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ती तपासणी खात्यात होती. ओतून तयार झालेला प्रत्येक लोखंडी भाग लहान हातोडीने ठोकून, नादावरून त्याला तडा आहे की नाही हे ओळखायचे तिचे काम. पहिली पाळी संपवून, अंगावरचा निळा कोट न काढताच ती आली होती.

"बाई, पोरीचं नर्सिंगचं ॲडमिशन अडकलंय," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "जात पडताळणीच्या ऑफिसात सगळे कागद दिले. एक कमी हाय म्हणत्यात. तिच्या पणज्याचा शाळेतला उतारा. माझे आजेसासरे हितंच शिकलेत, दोन वर्सं. सोमवारी दिला न्हाई तर जागा जाणार."

"बस. काढून देते," मी म्हणाले. त्या क्षणी मला ते सोपे वाटले होते.

मामांनी जुन्या रजिस्टरांचे लाकडी कपाट उघडले. सगळे पुठ्ठे जागच्या जागी, पाठीवर भाऊसाहेबांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. मी एक रजिस्टर उचलले आणि ते मला नको तितके हलके लागले. उघडले, तर आत पाने नव्हती; मातीची घट्ट, ओलसर भिंत होती आणि तिच्यात बारीक बोगदे. दुसरे, तिसरे, सातवे : सर्वांची तीच दशा. बाहेरून पुस्तक, आतून वारूळ. कुलूप लागलेल्या चार महिन्यांत वाळवीने शाळेची सारी नावे खाऊन टाकली होती.

मातीत बोट घालून तिने थोडी माती काढली आणि तळहातावर पाहिली.

"फोटो आहेत," मी म्हणाले. "या संगणकात."

आम्ही दोघी संगणकापुढे बसलो. मी प्लास्टिकच्या स्टुलावर. भाऊसाहेबांच्या खुर्चीवर बसावे असे मला वाटले नाही. ठिपके फिरत होते.

"आमची भट्टी यापेक्षा लौकर तापती की वो बाई," ती बावीस मिनिटांनी म्हणाली आणि बस पकडायला उठली. जाताना दारात थांबली. "हाय न्हवं त्यात?"

"आहे," मी म्हणाले. मला ते ठाऊक नव्हते.

बुधवारपासून मी नीट वही घातली. सकाळी अकराला बटण दाबले. काळ्या पडद्याला आरशासारखा गुण असतो. मला त्यात मी दिसत होते, माझ्यामागे भाऊसाहेबांची रिकामी खुर्ची, तिच्यामागे ते कपाट. तिसऱ्या मिनिटाला डब्याच्या आतून आवाज आला. टक-टाक. थांबला. टक-टाक. पुन्हा थांबला.

मामा दारापर्यंत आले होते. उंबऱ्याच्या आत मात्र त्यांनी पाय ठेवला नाही.

"शिक्के मारत्यात बघा भाऊसाहेब," ते म्हणाले. "दाखल्यांचा सीझन हाय न्हवं."

"मामा, हे यंत्र आहे."

"यंत्रच हाय की. मी कुठं न्हाई म्हणतोय? पर तुमी त्यो चालू हुईस्तोवर भाईर बसा बाई. चहा टाकतो."

सोळाव्या मिनिटाला पडदा उजळला. मी माऊस हलवला. बाण हलला नाही. दहा मिनिटे वाट पाहून मी बटण दाबून धरले आणि तो बंद केला. माझ्या शिस्तीप्रमाणे एका वेळी एकच बदल करायचा, म्हणून इंटरनेटची तार काढली आणि लगेच पुन्हा सुरू केला. या वेळी सत्तावीस मिनिटे लागली. टक-टाक आता अधिक जलद येत होते, घाईत असल्यासारखे.

सत्ताविसाव्या मिनिटाला पडदा उजळला, आणि मी कशालाही हात न लावता एक खिडकी आपोआप उघडली. तिच्यात लहान लहान करडे चौकोन होते. मग एकेक चौकोन भरू लागला : पहिला, दुसरा, तिसरा. पिवळट पाने. प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला एक तपकिरी डाग होता. ओलीचा असावा, असे मला वाटले. पण डागाला आकार होता, आणि तो प्रत्येक चौकोनात तोच होता. मी चष्मा वर करून पुढे वाकले. तो अंगठा होता. भाऊसाहेब पान दाबून धरत, तो त्यांचा डावा अंगठा. नखाच्या कडेला शिक्क्याची जांभळी शाई. चौकोन भरत गेले तसे अंगठे वाढत गेले, ओळीखाली ओळ. काचेच्या पलीकडून कोणी पडदा धरून ठेवावा, तसे ते दिसत होते.

मग टक-टाकचा सूर एकदम चढला आणि संगणक स्वतःच बंद झाला. पडदा काळा. त्यात मी, खुर्ची आणि कपाट.

वहीत त्या दिवशीची शेवटची नोंद एका ओळीची आहे : "फोटो आहेत. १२.४१ ला आपोआप बंद." अक्षर माझे वाटत नाही.

गुरुवारी सकाळी शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याला मी फोन लावला. त्याने सगळे ऐकून घेतले.

"टकटक येतोय न्हवं मॅडम? मग हार्डडिस्क गेली समजा. एकेका चालू करण्यात ती आणखी खरवडती. घिऊन या, फॉरमॅट मारून देतो, नव्यागत पळंल."

"आतले फोटो?"

"ते काय राहत्यात व्हय?"

म्हणजे प्रश्न असा होता. दोष कुठे आहे हे कळण्यासाठी संगणक सुरू करायला हवा. आणि आवाज जर हार्डडिस्कचा असेल, तर तो सुरू करणे म्हणजे त्या मुलीच्या पणजोबांचे पान आपल्या हातांनी पुसणे. मी दिवसभर बटणाला हात लावला नाही. वही घेऊन बसले.

आकडे समोर मांडले की ते बोलू लागतात, हे मी पुष्कळ वर्गांना दाखवले आहे. सकाळी थंड असताना सोळा मिनिटे. लगेच पुन्हा लावल्यावर सत्तावीस, आणि शेवटी आपोआप बंद. यंत्र माणसासारखे कंटाळत नाही, ते तापते. तापले की स्वतःला वाचवण्यासाठी हळू चालते, आणि फारच तापले की बंद पडते. अपडेटने काम वाढवले होते, हे खरे. पण ते काम करताना कोणीतरी या यंत्राचा श्वास कोंडत होते. आवाज मात्र या हिशोबात बसत नव्हता. तो डिस्कचा की दुसऱ्या कशाचा, हे ऐकल्याशिवाय ठरत नव्हते, आणि ऐकण्यासाठी एकदा सुरू करावेच लागणार होते.

चार वाजता ती आली. मी तिला सर्व समजावून सांगितले. दुरुस्तीवाल्याचे बोलणेही लपवले नाही.

"निर्णय तुझा," मी म्हणाले. "मी लावला आणि ती डिस्कच असली, तर मग काही उरणार नाही."

तिने कोटाच्या खिशात हात घातले. "न लावता सोमवार आला तर काय उरतंय? लावा बाई. पर आवाज मी ऐकणार. दिवसाला दोन हजार नग ऐकतो मी."

प्रयोगशाळेतून मी लाकडी फूटपट्टी आणली. घन पदार्थातून ध्वनी चांगला जातो; पट्टीचे एक टोक डब्याला आणि दुसरे कानामागच्या हाडाला लावले की आतला आवाज वेगळा काढता येतो. मी बटण दाबले. ती गुडघ्यांवर बसली, डोळे मिटले. मामा उंबऱ्याबाहेर. तिसऱ्या मिनिटाला तो आला.

टक-टाक.

तिने पट्टी पुढच्या बाजूला, जिथे डिस्क असते तिथे टेकवली. मग वर, मग मागे. चेहऱ्यावर काहीच हलत नव्हते. आम्ही दोघी आत आणि मामा उंबऱ्याबाहेर, तिघेही कान देऊन होतो. आवाज मात्र चौथा कोणी असल्यासारखा निवांत चालला होता.

"बंद करा," ती म्हणाली. मी तार ओढली.

"ह्यो तडा न्हवं बाई. तडा गेला की आवाज बसका येतो, फुटक्या मडक्यागत. हे हलकं काहीतरी हाय. पातळ पात्याला धडकतंय, मागच्या अंगाला. कायतरी बारीक. दाण्यायवढं."

मामांनी घसा खाकरला. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी जमिनीकडे पाहिले.

डब्याची बाजू उघडली तेव्हा आधी वास आला : जुन्या झेंडूचा आणि हळदीचा, देवघराच्या कोनाड्यात येतो तसा. मागच्या पंख्याच्या जाळीवर हळद-कुंकवाचा थर जमून, ओला होऊन, वाळून लुकणासारखा घट्ट बसला होता. आत वाळलेल्या पाकळ्या, धूळ आणि तांदळाचे कुंकवाने माखलेले दाणे. भाऊसाहेब दर खंडेनवमीला संगणकाची पूजा करत. शेतकरी औते पुजतो, कारखानदार यंत्रे पुजतो, तसे ते डब्यावर हळद-कुंकू आणि अक्षता वाहत. डब्याला वर जाळी होती. इतक्या वर्षांचा दसरा त्या जाळीतून आत उतरला होता. पंख्याच्या पात्याशी मात्र दोनच दाणे अडकले होते. एक लहान, तुटका, एक अख्खा. डबा तापू लागला की धुळीने जड झालेला पंखा अडखळत एकेक फेरा घेई आणि पाते एकाला हलके लागे, दुसऱ्याला जोरात. त्यांच्यावरचे कुंकू जुने नव्हते. अजून लाल होते.

"मामा?"

"पाडव्याला वाहिल्या बाई," मामा म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "खिडकीतून हात घालून. भाऊसाहेब गेल्यापासनं कुणी त्याला हात लावला न्हवता. म्हटलं, रुसाय नको. नारळबी फोडला भाईर."

ती हसली, आधी दाबून, मग मोठ्याने. "म्हंजी मामा, भूत तुमीच घातलंसा आत, आन् तुमीच भाईर हुबं ऱ्हाऊन भेतासा!"

"हसा," मामा म्हणाले. "तुमाला काय."

मीही हसले. पण माझ्या मनात एक बारीकशी गोष्ट राहिली. दोन दाणे, एक हलका आणि एक जोराचा, नेमके तेवढ्या अंतरावर. हे घडू शकते. घडू शकते त्या सर्व गोष्टींची यादी फार मोठी आहे, एवढेच मी तेव्हा स्वतःला सांगितले.

रंगाच्या मऊ ब्रशने आम्ही पंखा आणि जाळी साफ केली. मामांनी खाली वर्तमानपत्र धरले. पडलेल्या अक्षता त्यांनी केरात टाकू दिल्या नाहीत; त्या घेऊन ते पुन्हा उंबऱ्याबाहेर गेले. डबा पुन्हा लावला, बटण दाबले. आवाज आला नाही. पंख्याची एकसारखी घरघर तेवढी. मला ती शांतता आवडायला हवी होती. त्याऐवजी मी तिसऱ्या मिनिटाला कान देऊन बसले. नवव्या मिनिटाला पडदा उजळला. खिडकी आपोआप उघडली आणि चौकोन भरू लागले, अंगठ्यांसकट. या वेळी बाण हलत होता.

मी आधी काहीच पाहिले नाही. दोन पेनड्राइव्ह लावले आणि सगळे फोटो दोन्हींवर उतरवून घेतले. हातात जे एकच आहे, त्याचे दोन झाल्याशिवाय ते उघडू नये, हा नियम मी त्याच आठवड्यात शिकले होते. मग आम्ही शोधायला बसलो. भाऊसाहेबांनी वर्षांप्रमाणे नावे दिली होती, पण आजेसासऱ्यांचे वर्ष तिला माहीत नव्हते. पान मोठे करायचे, वरपासून खाली वाचायचे, पुढचे पान. ती नावे कुजबुजत वाचत होती. खिडकीतून आलेले तिरपे ऊन भिंतीवरून वर सरकत गेले. शाळेत एकही मूल नव्हते, आणि खोलीत एकामागून एक मुलांची नावे पुकारली जात होती.

"हे," ती एकदम म्हणाली.

नाव होते. वडिलांचे नाव होते. गाव, जन्मतारीख, सोडल्याचे कारण : "गैरहजेरी." आणि जातीच्या रकान्यावर भाऊसाहेबांचा अंगठा होता. कडेला नव्हे, आत, आडवा. ज्या एका शब्दासाठी आम्ही तीन दिवस काढले, तो शब्द नेमका त्या जांभळ्या नखाखाली होता.



"आमच्या घरात त्यो शब्द कुणी उच्चारत न्हाई बाई," ती हळूच म्हणाली. "सासऱ्यांच्या बापानं धर्म बदलला त्या दिवशी शेवटचा. आन् आता त्योच पायजे म्हणत्यात. मी त्योच हुडकत बसलोय." तिने बोट पुढे केले आणि पडद्यावरच्या अंगठ्याला लावले, तो बाजूला सरेल अशा बेताने.

मी पुढच्या फोटोची कळ दाबली. काही अपेक्षा नव्हती. शोधताना बोटांना सवय लागली होती, एवढेच. पुढचे पान आले नाही. तेच पान आले. तेच नाव, तीच गैरहजेरी. अंगठा या वेळी खाली होता, ओळीच्या खाली, टोक त्या रकान्याकडे केलेले. शब्द पूर्ण दिसत होता.

मामा केव्हा आत आले होते, मला कळले नाही. ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते.

तिने तो शब्द वाचला नाही, पाहिला. मग कोटाच्या बाहीने तोंड पुसले आणि म्हणाली, "काढा बाई त्याची प्रिंट."

शुक्रवारी सकाळी मी उतारा तयार केला. मूळ रजिस्टर वाळवीने नष्ट झाल्याचा पंचनामा गावातल्या दोन साक्षीदारांच्या सह्यांनी जोडला, दुसऱ्या फोटोची प्रत लावली, सही केली आणि भाऊसाहेबांच्या ड्रॉवरमधून शिक्का काढला. टक-टाक. व्हरांड्याने तो आवाज पुन्हा एकदा म्हणून दाखवला.

ती उतारा घेऊन गेल्यावर उरलेल्या दोषाचा मी शोध लावला. संगणक सुरू होताना आपोआप काय काय उघडायचे, याची एक यादी असते. तिच्यात भाऊसाहेबांनी रजिस्टरच्या फोटोंची थैली, म्हणजे फोल्डर, घालून ठेवली होती, सकाळी काम तिथूनच सुरू व्हावे म्हणून. अपडेटने त्या फोटोंची आधी करून ठेवलेली लहान चित्रे पुसली होती आणि तापून तो मध्येच बंद पडत होता. त्यामुळे दर वेळी तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकेक नाव नव्याने पाहत होता. शाळेचा पहिला तास हजेरीचा असतो. हजेरी पूर्ण झाल्याशिवाय तो दुसरे काम घेत नव्हता. मी ती ओळ यादीतून काढली. आता तो दोन मिनिटांत सुरू होऊ लागला. वहीत मी लिहिले : "कारणे : उष्णता, अक्षता, हजेरी. दूर केली."

त्यानंतरच्या नोंदीचा अर्थ मला लावता आला नाही. शुक्रवारी दुपारी मी सर्व फोटो, अकराशे बारा, एकामागून एक पाहिले. अंगठा ज्यात मजकुरावर आला आहे, असे, तिचे पान सोडून, त्रेचाळीस निघाले. कुठे जन्मतारीख झाकली आहे, कुठे आडनाव. भाऊसाहेबांनी त्यातले एकही पान पुन्हा घेतले नव्हते. दोनदा घेतलेले पान सगळ्या फोटोंत ते एकच आहे. ते मधल्या सुट्टीत घाईने काम करत, म्हणून चुका दिसल्या नसतील. आणि तेवढी एकच दिसली असेल. हे घडू शकते. मी विज्ञान शिकवले आहे. नोंद करते, आणि पुढे काही लिहीत नाही.

सोमवारी दुपारी तिचा फोन आला. पाठीमागे गाड्यांचा आवाज होता.

"घेतला बाई! सही करून पोच दिली."

"काही विचारले का?"

"इचारलं की. सायबानं त्यो फोटो उजेडाला धरला, उलटासुलटा केला. म्हणला, ह्यो अंगठा कुणाचा?"

"मग?"

"म्हटलं, आमच्या भाऊसाहेबांचा हाय. तर म्हणला, त्यांची सही न्हाई हितं." एक मोटार जोरात निघून गेली. "मी म्हटलं, सही कशाला पायजे सायब. माणूस हितं हुबा हाय की, पान धरून."